प्वाझॉय : डॉक्टर झालेला इंजिनियर

सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्सच्या ओरलमध्ये एक प्रश्न हमखास पडतो. हेगन-पॉयझुली इक्वेशन डिराइव्ह करा. मग आपण एक आडवा पाइप काढतो, त्याच्या आत एक छोटा सिलेंडर काढतो, प्रेशर फोर्स आणि शिअर फोर्स समान धरतो, इंटिग्रेशन करतो आणि शेवटी पॅराबोला येतो. एक्स्टर्नल मूडमध्ये असले तर विचारतात, बरं, हा पॉयझुली कोण होता? इथे भल्याभल्यांची विकेट पडते. कोणी म्हणतं जर्मन होता, कोणी म्हणतं हायड्रॉलिक्सचा प्रोफेसर होता. नावाचा उच्चार तर प्रत्येक बॅचचा वेगळा.

तर मित्रांनो, तो फ्रेंच होता. संपूर्ण नाव झाँ लेओनार मारी प्वाझॉय. आणि तो ना प्रोफेसर होता ना इंजिनियर. तो डॉक्टर होता. ज्या पाइपसाठी त्याने हा नियम शोधला तो पाइप लोखंडाचा नव्हता, आपल्या अंगात असते तशी केसाहून बारीक रक्तवाहिनी त्याच्या डोळ्यापुढे होती.

त्याच्यावर लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. आपण खराडीत शिकतो. एका बाजूला मुळा-मुठा, दुसऱ्या बाजूला नगर रोड आणि मध्ये ईऑनसारखे आयटी पार्क. बीई प्रोजेक्टला टॉपिक शोधायची वेळ आली की निम्मी मेकॅनिकलची मुलं सीएफडीकडे वळतात. गाडीभोवतीची हवा, पंपाच्या इम्पेलरमधलं पाणी, रेडिएटर, ठरलेले विषय. पण तेच सीएफडी गेली काही वर्षं माणसाच्या रक्तवाहिन्यांसाठीही वापरतात. कुठे धमनी अरुंद झालेली असते, कुठे फुग्यासारखी फुगलेली असते, कुठे जन्मतःच चुकीची जोडलेली असते. पेशंटच्या स्कॅनवरून त्या वाहिनीचं मॉडेल कॉम्प्युटरवर बनवायचं, त्यातून रक्त वाहवून बघायचं आणि सर्जनला हातात सुरी घ्यायच्या आधी सांगायचं की असं जोडलंत तर असं होईल आणि तसं जोडलंत तर तसं. या सगळ्या कामाच्या मुळाशी जाऊन बघितलं की हा प्वाझॉय भेटतो.

त्याचा जन्म २२ एप्रिल १७९७ चा, पॅरिसमधला. त्या वेळी आपल्या पुण्यात दुसऱ्या बाजीरावाला गादीवर येऊन जेमतेम काही महिने झाले होते. प्वाझॉयचे वडील सुतार. घरात विज्ञानाची काही परंपरा वगैरे नव्हती. पण क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये एक गोष्ट चांगली झाली होती. एकोल पॉलिटेक्निक नावाचं कॉलेज निघालं होतं आणि तिथे प्रवेश परीक्षेवर मिळायचा, घराण्यावर नाही. आपल्याकडच्या आयआयटीसारखंच म्हणा. १८१५ साली सुताराचा हा मुलगा ती परीक्षा पास होऊन आत गेला.

तिथला स्टाफ बघा. कोशी, अँपिअर, अरागो, पेती, थेनार. यांतला कोशी आपल्याला एम-थ्रीमध्ये छळतो, अँपिअर बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये. ड्युलाँग-पेतीच्या नियमातला तो पेती. या पेतीच्या फिजिक्सचा प्वाझॉयवर जास्त परिणाम झाला असं मानतात. पेतीची खासियत म्हणजे अत्यंत काटेकोर मोजमाप. पुढे प्वाझॉयने आयुष्यभर जे केलं ते बघता हे पटतं.

पण ही इंजिनियरिंगची मजा वर्षभरही टिकली नाही. १८१५ च्या जूनमध्ये वॉटर्लू झालं, नेपोलियन गेला, राजा परत आला. पॉलिटेक्निकची पोरं बहुतेक नेपोलियनच्या बाजूची, त्यामुळे सरकारचा त्यांच्यावर डोळा होताच. एप्रिल १८१६ मध्ये कॉलेजात शिस्तभंगाचं काहीतरी निमित्त झालं आणि सरकारने सगळं कॉलेजच बंद करून टाकलं. सगळे विद्यार्थी बाहेर. आपल्याकडे इयर डाउन झालं तर घरी काय सांगायचं म्हणून लोक आठ दिवस हॉस्टेलमधून बाहेर पडत नाहीत. इथे अख्खी बॅच डाउन! त्याच गर्दीत ऑग्युस्त कोंत नावाचा एक विद्यार्थी होता, जो पुढे समाजशास्त्राचा जनक म्हणून गाजला. कॉलेज नंतर पुन्हा सुरू झालं, काहीजण परत गेले. प्वाझॉय गेला नाही. त्याने मेडिकलला अ‍ॅडमिशन घेतली.

इंजिनियरिंग सोडून मेडिकलला गेलेला मुलगा तिथे जाऊन काय करणार? त्याच्याजवळ होतं ते घेऊन तो गेला. म्हणजे मोजपट्टी.

त्या काळचं वैद्यकशास्त्र रक्ताबद्दल काय जाणत होतं ते थोडक्यात सांगतो. हार्वेने १६२८ साली दाखवून दिलं होतं की रक्त शरीरात गोल फिरतं आणि हृदय हा त्याचा पंप आहे. पंप म्हटला की इंजिनियर लगेच विचारेल, हेड किती? डिस्चार्ज किती? इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाच्या एका पाद्र्याने हे करून बघितलं होतं. त्याने एका घोडीच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी घातली, तिला उंच काचेची नळी जोडली आणि रक्त किती वर चढतं ते पाहिलं. ते सव्वाआठ फुटांवर गेलं, म्हणजे सुमारे अडीच मीटर. हा प्रयोग त्याने १७३३ साली छापला. पण अडीच मीटरची नळी घेऊन कुठे कुठे फिरणार, आणि शिवाय रक्त बाहेर आलं की गोठतं. त्यामुळे पुढची जवळजवळ शंभर वर्षं या मापनात फारशी प्रगती झाली नाही.

प्वाझॉयने यात दोन साध्या सुधारणा केल्या. पहिली, सरळ नळीऐवजी यू आकाराची नळी घेऊन तिच्यात पारा भरला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. हेल्सची अडीच मीटरची उंची पाऱ्यात वीस सेंटिमीटरच्या आत बसते. म्हणजे उपकरण टेबलावर आलं. दुसरी सुधारणा, पारा आणि रक्त यांच्यामध्ये त्याने पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण भरलं, त्यामुळे रक्त नळीच्या तोंडाशी गोठेना. हा यू ट्यूब मॅनोमीटर आपण लॅबमध्ये फर्स्ट टर्मलाच हाताळतो आणि कंटाळून रीडिंग एकमेकांचं घेतो. १८२८ साली प्वाझॉयने याच्याच जोरावर डॉक्टरेटचा प्रबंध दिला, विषय हृदयाचा जोर. त्याला मेडिकल अकॅडमीचं सुवर्णपदक मिळालं. आजही डॉक्टर ब्लडप्रेशर १२० बाय ८० सांगतात ते मिलिमीटर पाऱ्यातच. दंडाला बांधायचा पट्टा वगैरे शतकाच्या शेवटी आला, पारा मात्र प्वाझॉयपासूनचा.

आता त्या मॅनोमीटरने काय दिसलं ते जास्त महत्त्वाचं. तेव्हाची समजूत अशी होती की हृदयापासून जसजसं लांब जावं तसतसं प्रेशर कमी होत जात असणार. पाइपलाइनमध्ये होतं तसं. प्वाझॉयने घोड्यांच्या आणि कुत्र्यांच्या वेगवेगळ्या धमन्यांत, जवळच्या आणि लांबच्या, जाड आणि बारीक, अगदी २ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या धमन्यांत प्रेशर मोजलं. ते जवळजवळ सगळीकडे सारखंच निघालं! मग हृदयाने दिलेलं प्रेशर खर्च कुठे होतं? शिरांमध्ये तर ते अगदी कमी असतं. म्हणजे मधल्या अतिसूक्ष्म वाहिन्यांतच सगळा हेड लॉस होत असला पाहिजे. इथून पुढे प्वाझॉयची आयुष्याची दिशा ठरली.

तो मायक्रोस्कोपकडे वळला. बेडकाच्या आतड्याजवळचा पडदा पातळ असतो, त्यातल्या केशवाहिन्यांतून रक्त वाहताना दिसतं. १८३५ च्या सुमारास त्याने हे निरीक्षण छापलं. वाहिनीच्या मधोमध रक्तपेशी वेगाने जातात, कडेला वेग कमी होत जातो आणि भिंतीला लागून एक पारदर्शक थर जवळजवळ स्थिर असतो. आपण बोर्डावर नो-स्लिप कंडिशन म्हणून एक ओळ लिहून मोकळे होतो. ती त्याने बेडकात डोळ्यांनी पाहिली होती.

पण बेडकात मोजमाप कसं करणार? जिवंत केशवाहिनीचा व्यास, लांबी, दोन टोकांचं प्रेशर, काहीच हातात येत नाही. तेव्हा प्वाझॉयने मॉडेल बनवलं. आज आपण कॉम्प्युटरवर बनवतो, त्याने काचेत बनवलं. अतिशय बारीक काचेच्या नळ्या, व्यास साधारण ०.०१५ मिलिमीटरपासून ०.६ मिलिमीटरपर्यंत. रक्त गोठतं म्हणून त्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर. हृदयाऐवजी दाबाखालची हवा. नळी पाण्याच्या टाकीत बुडवलेली, म्हणजे तापमान कायम राहील. काचेच्या एका फुग्यातलं ठरावीक पाणी नळीतून बाहेर पडायला किती वेळ लागतो ते मोजायचं. नळी इतकी बारीक की एकेका रीडिंगला तासन्‌तास जात. एक धुळीचा कण अडकला की सगळं फुकट.

सर्वांत जास्त डोकेफोड त्याने व्यासावर केली, आणि माझ्या मते प्वाझॉयचा मोठेपणा इथेच आहे. काचेची ओढलेली नळी कधी अगदी गोल नसते, एका टोकाला थोडी जाड तर दुसऱ्या टोकाला थोडी बारीक असते. त्याने प्रत्येक नळीची दोन्ही टोकं मायक्रोस्कोपखाली धरून मोठ्यात मोठा आणि लहानात लहान व्यास मोजला. मग एकाच नळीचे तुकडे पाडत पाडत तिची लांबी कमी केली, म्हणजे व्यास तोच राहून फक्त लांबी बदलेल. पेतीचा विद्यार्थी शोभतो.

१८३८ पासून सुरू झालेलं हे काम १८४० आणि ४१ मध्ये पॅरिसच्या सायन्स अकॅडमीपुढे आलं. निष्कर्ष असा. प्रवाह प्रेशरच्या समप्रमाणात, लांबीच्या व्यस्त प्रमाणात आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात. चौथा घात! वर्ग असता तर कुणालाच नवल वाटलं नसतं, कारण क्षेत्रफळ वर्गात असतं. पण चौथा घात म्हणजे व्यास निम्मा केला तर प्रवाह सोळावा हिस्सा. अकॅडमीने तपासायला कमिटी नेमली, तिच्यात त्याचा जुना मास्तर अरागोही होता आणि रेन्योसारखा मोजमापातला दादा माणूस होता. त्यांनी प्रयोग पुन्हा करवून घेतले आणि निकाल बरोबर असल्याचं सांगितलं. सगळा लेख १८४६ मध्ये छापून आला. गंमत म्हणजे त्यात व्हिस्कॉसिटी हा शब्दच येत नाही. त्याने फक्त एक स्थिरांक दिला आणि तो तापमानाबरोबर कसा बदलतो त्याचं सूत्र दिलं. आपण डिनॉमिनेटरमध्ये म्यू लिहितो ती नंतरच्या लोकांची भर.

इथे एक खुलासा. हा नियम आपल्या सोसायटीच्या टँकरच्या पाइपला लावायला जाऊ नका. खराडीत उन्हाळ्यात टँकर येतो, जाड होजने टाकी लवकर भरते हे खरं, पण तिथलं पाणी टर्ब्युलंट असतं, त्यामुळे चौथा घात लागत नाही, साधारण अडीचच्या आसपासचा घात लागतो. चौथा घात लागतो तो शांत, थरांथरांनी वाहणाऱ्या प्रवाहाला. इंजेक्शनची सुई हे चांगलं उदाहरण. याच घोटाळ्यात केंब्रिजचा स्टोक्ससुद्धा अडकला होता. त्याने १८४५ मध्ये गणिताने हाच पॅराबोला काढला, पण पडताळायला घेतले मोठ्या पाइपांचे आकडे. ते जुळेनात, म्हणून त्याने फारसा आग्रह धरला नाही. आणि जर्मनीतला हेगन, जो खरोखरचा इंजिनियर होता, त्याने १८३९ साली पितळी नळ्यांवर स्वतंत्रपणे हाच नियम छापला होता. म्हणून समीकरणात त्याचं नाव आधी येतं. गणिती सिद्धता पुढे हागेनबाखने १८६० मध्ये दिली आणि नियमाला प्वाझॉयचं नाव त्यानेच लावलं.

आता हा चौथा घात सर्जरीच्या प्लॅनिंगमध्ये कुठे येतो ते बघू. म्हणजे या माणसाने व्यासासाठी एवढी डोकेफोड का केली ते कळेल.

प्वाझॉयची नळी सरळ, ताठ आणि गोल. प्रवाह एकसारखा. शरीरात यातलं काहीच नाही. धमनी वाकते, फाटे फुटतात, दर ठोक्याला फुगते. हे प्वाझॉयला माहीत नव्हतं असं मुळीच नाही, धमनी ठोक्याबरोबर फुगते हे त्याने स्वतः घोड्यात मोजून दाखवलं होतं. पण आधी सोपा प्रश्न सोडवायचा हे त्याने ठरवलं होतं. ठोक्याठोक्याने वाहणाऱ्या प्रवाहाचं गणित सोडवायला १९५५ साल उजाडलं. ते काम जॉन वुमर्सली याचं. हा तोच वुमर्सली ज्याने लंडनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत गणित विभागाचा प्रमुख असताना १९४५ मध्ये अ‍ॅलन ट्युरिंगला कॉम्प्युटर डिझाइन करायला नोकरीवर घेतलं. कॉम्प्युटर आणि रक्तप्रवाह यांची गाठ त्या एका माणसाच्या बायोडेटात पडली होती. वुमर्सली १९५८ मध्ये गेला.

खऱ्या अर्थाने कॉम्प्युटर सर्जनच्या मदतीला आला तो नव्वदच्या दशकात. (आपल्या पुण्यात सी-डॅकने परम ८००० बनवला तो १९९१ साली, म्हणजे काळ साधारण तोच.) काही बाळं अशी जन्मतात की हृदयाचा एकच कप्पा नीट काम करतो. त्यांच्यात सर्जन शरीराकडून येणाऱ्या दोन मोठ्या शिरा सरळ फुप्फुसाच्या धमनीला जोडतात. म्हणजे फुप्फुसाकडे रक्त ढकलायला पंपच नाही, शिरेतल्या थोडक्या प्रेशरवर सगळं चालायचं. अशा ठिकाणी जोड कसा दिला याला फार महत्त्व. लंडनचे सर्जन मार्क द लेव्हाल आणि मिलानच्या पॉलिटेक्निकमधले इंजिनियर यांनी मिळून या जोडाचं सीएफडी केलं आणि १९९६ मध्ये ते छापलं. वरून येणारा आणि खालून येणारा प्रवाह समोरासमोर आदळला तर ऊर्जा वाया जाते, त्यामुळे जोडाचा आकार आणि जागा बदलून कोणता प्रकार कमी खर्चाचा ते त्यांना ऑपरेशनच्या आधी बघता आलं. मेकॅनिकलवाल्यांनो, हा टी-जॉइंटमधला मायनर लॉस आहे! आपण प्रॉब्लेममध्ये नेग्लेक्ट करतो तो.

पुढे दुसरा मोठा टप्पा हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांचा. अँजिओग्राफीत ब्लॉक दिसला तरी तो खरोखर रक्त अडवतोय का, हे नुसतं बघून सांगता येत नाही. त्यासाठी डॉक्टर धमनीत बारीक वायर घालून ब्लॉकच्या आधीचं आणि नंतरचं प्रेशर मोजतात. नंतरचं प्रेशर आधीच्या ०.८० पट किंवा त्याहून कमी असेल तर स्टेंट किंवा बायपासचा विचार होतो. स्टॅनफर्डमधले मेकॅनिकल इंजिनियर चार्ल्स टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच गुणोत्तर वायर न घालता, सीटी स्कॅनवरून सीएफडीने काढायची पद्धत बसवली. अमेरिकेत तिला २०१४ मध्ये सरकारी मंजुरी मिळाली. मेंदूतल्या धमनीला फुगा आला असेल तर तिथेही असंच मॉडेल करून भिंतीवरचा शिअर स्ट्रेस बघतात. मात्र कोणता फुगा फुटेल याचं ठाम भाकीत अजून कोणाला जमत नाही, उगाच तसा दावा करणाऱ्यांपासून सावध असलेलं बरं.

मॉडेल बनवायची पद्धत आपल्यातल्या सीएफडीवाल्यांना ओळखीचीच वाटेल. सीटी किंवा एमआरआयच्या चकत्या घ्यायच्या. प्रत्येक चकतीत वाहिनीची कड आखायची, याला सेगमेंटेशन म्हणतात. त्यातून थ्रीडी आकार, मग मेश, मग नेव्हिअर-स्टोक्स. सिमव्हॅस्क्युलर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ओपनफोम तर बऱ्याच जणांनी वापरलंय. बाउंड्री कंडिशनला मात्र अडचण येते. स्कॅनमध्ये फक्त मोठ्या वाहिन्या दिसतात, त्यांच्या पुढच्या हजारो बारीक फांद्या दिसतच नाहीत. मग काय करतात, तर मॉडेलच्या प्रत्येक तोंडाला एक रेझिस्टन्स जोडतात, बरोबर एक कपॅसिटर. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना मजा वाटेल, पण अगदी आरसी सर्किटच. प्रेशर म्हणजे व्होल्टेज, प्रवाह म्हणजे करंट. आणि ही रेझिस्टन्सची कल्पना म्हणजे प्वाझॉयचाच नियम, जिथे स्कॅन संपतो त्याच्या पलीकडे बसवलेला.

पण खरा घोळ सेगमेंटेशनमध्ये होतो. हिशोब करून बघा. हृदयाची धमनी चांगली असते तेव्हा साधारण ३ मिलिमीटर व्यासाची. समजा ब्लॉकच्या जागी ती १.५ मिलिमीटर उरलीय. सीटीचा एक पिक्सेल साधारण अर्धा मिलिमीटर. धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचलेलं असेल तर ते स्कॅनमध्ये पांढरं पसरतं आणि कड कुठे हे कळत नाही. सेगमेंटेशन करणाऱ्याने एका पिक्सेलने कड आत घेतली तर व्यास झाला १ मिलिमीटर. दीडचा चौथा घात म्हणजे ५.०६. एका पिक्सेलने रेझिस्टन्स पाचपट! व्यासात फक्त दहा टक्के चूक झाली तरी रेझिस्टन्स दीडपट येतो. प्रत्यक्ष ब्लॉकमध्ये कोनाकोपऱ्यांचे आणखी लॉसेस असतात, त्यामुळे गणित हुबेहूब एवढंच येत नाही, पण अंदाज यायला पुरे. सॉल्व्हर दहाव्या डेसिमलपर्यंत कन्व्हर्ज झाला, कलर प्लॉट झकास आला, तरी पहिल्या दिवशी माऊसने आखलेली कड चुकली असेल तर ज्याला बायपासची गरज नाही त्याची छाती उघडली जाऊ शकते. किंवा उलट, ज्याला गरज आहे त्याला घरी पाठवलं जाऊ शकतं.

म्हणून एकाच स्कॅनवर दोन वेगवेगळ्या माणसांकडून सेगमेंटेशन करून घेतात, व्यास थोडा कमी-जास्त करून उत्तर किती हलतं ते बघतात, आणि शंका आली तर रेडिऑलॉजिस्टला पुन्हा विचारतात. आपल्याकडे प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये ग्रिड इंडिपेंडन्सचा चॅप्टर सगळे टाकतात. भूमितीच्या अनिश्चिततेचा चॅप्टर कोणाच्या रिपोर्टमध्ये दिसला तर तो आवर्जून वाचा. प्वाझॉय नळीची दोन्ही टोकं मायक्रोस्कोपखाली धरून दोन-दोन व्यास मोजत होता, ते हेच.

बाकी त्याच्या आयुष्याची गोष्ट फार झगमगीत नाही. १८२९ मध्ये त्याचं लग्न झालं. सासरे रस्ते-पूल खात्यातले मोठे इंजिनियर. इंजिनियरिंगने जावई म्हणून तरी त्याला परत घेतलं असं म्हणायला हरकत नाही. तो पॅरिसमध्येच डॉक्टर म्हणून राहिला. १८४२ मध्ये मेडिकल अकॅडमीने त्याला सभासद करून घेतलं. सायन्स अकॅडमीची खुर्ची मात्र त्याला मिळाली नाही. जिने त्याचा नियम कमिटी नेमून तपासला, मान्य केला, छापला, तिनेच. डॉक्टरांना तो फिजिक्सवाला वाटला असेल आणि फिजिक्सवाल्यांना डॉक्टर. दोन ब्रँचच्या मधे पडलेल्यांचं आजही कॅम्पसला काय होतं ते बायोमेडिकलच्या मित्रांना विचारा.

१८४० च्या दशकात त्याने आपल्या नळ्यांतून पाणी सोडून इतरही बरेच द्रव वाहवून बघितले. रक्ताचा सीरम, अल्कोहोल, क्षारांची द्रावणं. हेतू कायम तोच, औषध किंवा मीठ रक्तात गेलं तर प्रवाह मंदावतो की वाढतो. संपूर्ण रक्ताचा प्रयोग त्याला मनासारखा करता आला नाही, कारण रक्त न गोठू देणारं हेपॅरिन सापडायला १९१६ साल उजाडायचं होतं. म्हणजे ज्या द्रवासाठी सारा खटाटोप केला तोच द्रव त्याच्या नळीतून कधी धडपणे वाहिला नाही. आणि पुढे कळलं ते असं की अगदी बारीक नळीत रक्त त्याचा नियम तंतोतंत पाळतही नाही, कारण त्यातल्या पेशी मधोमध गोळा होतात आणि रक्त अपेक्षेपेक्षा पातळ असल्यासारखं वागतं. भिंतीजवळचा तो पारदर्शक थर आठवतो ना? त्याचाच हा प्रताप. तो त्याने बेडकात पाहून ठेवला होता.

१८६० मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याने पॅरिस परिसरातल्या शाळांच्या आरोग्य तपासणीसाची नोकरी धरली. वर्गात हवा येते का, स्वच्छता आहे का, हे बघत फिरायचं. त्याच वर्षी तिकडे हागेनबाख त्याच्या नियमाला त्याचं नाव देत होता.

२६ डिसेंबर १८६९ रोजी पॅरिसमध्येच प्वाझॉय वारला. व्हिस्कॉसिटीचं पॉइझ हे एकक त्याच्या नावावरून आलं. वीस डिग्रीचं पाणी साधारण एक सेंटिपॉइझ, रक्त त्याच्या तीन-चार पट. हे नाव सुचवलं १९१३ मध्ये डीली आणि पार या दोघांनी, आणि त्यांचा लेख रक्तावरचा नव्हता, आल्प्समधल्या एका हिमनदीचा बर्फ उतारावरून कसा वाहतो त्यावरचा होता.